पडद्यावरची साक्ष आणि रस्त्यावरचा लढा

भांडवलाला देशाची सीमा आडवी येत नाही. टेक्सासमधील कंपनी कॅनडाच्या अरण्यात आपली यंत्रे नेऊन उभी करते, कॅनडातील सरोवराच्या पाण्याचा परवाना कंपनीबरोबरच चीन सरकारच्या मालकीच्या पेढीकडे जातो, अमेरिकेतील तेलसम्राट अर्जेंटिनाच्या पठारावर करार करून मोकळे होतात. परंतु ज्यांच्या पायांखालची भूमी फोडली जाते त्या मूळ रहिवाशांस आपले गाऱ्हाणे शेजारच्या प्रांतापर्यंत पोहोचविणेही दुष्कर होऊन बसते. वर्तमानपत्रे त्यांची नाहीत, कायदेमंडळात त्यांची संख्या नगण्य आहे आणि न्यायालयाची पायरी चढावयाची तर गाठीस पैसा नाही. अशा लोकांनी गेल्या काही वर्षांत चित्रपट हे साधन हाती घेतले आणि आपली साक्ष सीमेपलीकडे पाठविली. ह्या साधनाचे सामर्थ्य किती व मर्यादा कोणती, ह्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत. विषय दूरदेशीचा आहे खरा; परंतु त्याच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न आहे, आणि पाण्यासाठी माणसाला का लढावे लागते हे ह्या पत्राच्या वाचकांस शिकवावयास नको.

प्रथम ज्याविरुद्ध हा लढा आहे ते फ्रॅकिंग म्हणजे काय, हे समजावून घेऊ. भूगर्भात एक-दोन मैल खोल असलेल्या घट्ट खडकात तेल व वायू अडकून असतो. साध्या विहिरीने तो वर येत नाही. म्हणून आधी उभे व मग खडकाच्या थरातून आडवे छिद्र पाडावयाचे आणि त्यात पाणी, वाळू व रसायने ह्यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला तडे पाडावयाचे, अशी ही रीत आहे. एका विहिरीस एक कोटी लिटर, कित्येकदा त्याहूनही पुष्कळ अधिक पाणी लागते. त्यातील जे परत वर येते ते क्षारांनी, धातूंनी व खडकातील किरणोत्सर्गी द्रव्यांनी दूषित झालेले असते. ते पुन्हा दुसऱ्या खोल विहिरीत लोटून देतात. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या तेल व वायू आयोगानेच २०१२ साली असा निर्वाळा दिला की, हॉर्न नदीच्या खोऱ्यात २००९ ते २०११ ह्या काळात जे भूकंपाचे धक्के बसले त्यांचे कारण हे फ्रॅकिंग होते. अमेरिकेत तर २००५ सालच्या ऊर्जा कायद्याने, डिझेलचा वापर वगळता, ह्या धंद्याला पिण्याच्या पाण्याचे रक्षण करणाऱ्या कायद्याच्या भूगर्भविषयक कलमांतून सूट देऊन ठेविली. ज्या कायद्याने पाण्याची राखण करावयाची, त्याच कायद्याच्या कुंपणाला असे खिंडार पाडले गेले.

आता कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू ब्रन्सविक प्रांताकडे वळू. तेथे एल्सिपॉगटॉग नावाची मिकमाक जमातीची वस्ती आहे. ह्या जमातीच्या पूर्वजांनी अठराव्या शतकात इंग्रज राजसत्तेशी शांतता व मैत्रीचे करारनामे केले. त्या करारनाम्यांत त्यांनी आपली भूमी कोणास लिहून दिलेली नाही. पुढे कॅनडा व अमेरिका ह्यांच्यामधील सीमारेषा आखली गेली ती ह्या जमातीच्या अंगावरूनच. आजही तिचे काही लोक अमेरिकेच्या मेन राज्यात राहतात. अशा भूमीवर २०१० साली प्रांतिक सरकारने टेक्सासच्या एका कंपनीच्या शाखेला दहा लाख हेक्टर क्षेत्रात वायूचा शोध करण्याचा परवाना देऊन टाकला. २०१३ च्या उन्हाळ्यात जमीन हादरवून भूगर्भाची चाचणी घेणाऱ्या कंपनीच्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा लोक त्यांच्या आडवे उभे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी घडली. त्या प्रदेशात मूळ रहिवासी, अकेडियन फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे गोरे शेतकरी असे तीन समाज शेजारी राहूनही मनाने दूर होते. परंतु विहीर दूषित झाली तर तिचे पाणी पिणाऱ्याची भाषा ती विचारीत नाही, हे तिघांनाही उमगले आणि तिन्ही समाजांतील कुटुंबे एका शेकोटीभोवती बसली. सप्टेंबरच्या अखेरीस रेक्स्टन गावाजवळ त्यांनी कंपनीच्या यंत्रांचे आवार अडवून धरले. कंपनीने न्यायालयाचा मनाईहुकूम आणला. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी सकाळी सशस्त्र पोलीस तेथे चालून गेले. सुमारे ४० माणसे पकडली गेली. त्यांत जमातीचे मुखिया अरेन सॉक हेही होते. त्या गर्दीत पोलिसांच्या काही मोटारी जाळल्या गेल्या.

वाचकहो, आता विचार करा. अशा प्रसंगाची बातमी कशी होते? जळती मोटार छायाचित्रात उठून दिसते. तिच्यामागे अडीच-तीन आठवडे शांतपणे बसलेल्या म्हाताऱ्या बायका, त्यांनी गायिलेली गाणी, उकळलेला चहा, सरकारकडे केलेले अर्ज, ह्यांतले काहीच त्या एका चित्रात येत नाही. मग जग म्हणते, ही माणसे दंगेखोर आहेत. त्याच दिवशी मूळ रहिवाशांच्या दूरचित्रवाणीचे बातमीदार ऑसी मिशेलिन ह्यांनी आपल्या खिशातल्या टेलिफोनने एक छायाचित्र घेतले: पोलिसांच्या रांगेसमोर हमरस्त्यावर गुडघे टेकून एक मिकमाक स्त्री हात वर करून बसली आहे आणि तिच्या हातात शस्त्र म्हणून आहे ते गरुडाचे एक पीस. हे चित्र देशोदेशी गेले आणि जळत्या मोटारीच्या चित्राला त्याने उत्तर दिले.

परंतु एका चित्राने प्रसंग कळतो, त्याचे कारण कळत नाही. ते काम मायकेल प्रेमो ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने २०१७ साली 'वॉटर वॉरियर्स' ह्या अवघ्या २२ मिनिटांच्या अनुबोधपटाने केले. तीन समाज एकत्र कसे आले, ते रस्त्यावर का बसले आणि पुढे काय झाले, हे त्यात त्या लोकांच्याच तोंडून येते. पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीने काम आवरते घेतले. सप्टेंबर २०१४ च्या निवडणुकीत हा प्रश्न ऐरणीवर आला व सत्तारूढ पक्ष पराभूत झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या सरकारने फ्रॅकिंगला स्थगिती दिली. चित्रपट आला तो ह्यानंतर. म्हणजे एल्सिपॉगटॉगचा विजय चित्रपटाने मिळविलेला नाही; तो रस्त्यावर बसलेल्यांनी आणि मतपेटीपाशी गेलेल्यांनी मिळविला. चित्रपटाने त्या विजयाची वाट दुसऱ्या देशांतील लोकांस दाखविली. चित्रपटाचे खरे कार्य हेच, असे आमचे मत आहे. तो लढणाऱ्याचा साक्षीदार आहे; सेनापतीची जागा त्याला देऊ नये.

ह्या साक्षीची परंपरा मिकमाक लोकांत जुनी आहे. १९८१ च्या जून महिन्यात क्वेबेक प्रांताच्या पोलिसांनी रेस्टिगूश येथील मिकमाक वस्तीवर, सामन माशांच्या मासेमारीच्या हक्कावरून, दोन वेळा धाड घातली. अलानिस ओबोमसाविन ह्या आबेनाकी जमातीच्या बाईंनी त्यावर अनुबोधपट केला. तो १९८४ साली पुरा झाला. बाईंचा जन्म १९३२ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला आणि वाढ क्वेबेकमधील ओडानक वस्तीत झाली. त्यांची जमातही सीमेच्या दोन्ही अंगांस पसरलेली आहे. त्या चित्रपटात बाई धाडीचा हुकूम देणाऱ्या मंत्र्याला समोर बसवून जाब विचारतात. ज्या समाजाला इतके दिवस इतरांच्या कॅमेऱ्यापुढे पिसे खोवून उभे केले जाई, त्या समाजातील स्त्री कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि मंत्र्याला कॅमेऱ्यापुढे यावे लागले. ही अदलाबदल लहान नाही. कोणाचे चित्र कोण काढतो, ह्यावर कोण आरोपी व कोण फिर्यादी हे पुष्कळदा ठरत असते.

फ्रॅकिंगविषयी जगाचे कान ज्याने टवकारले तो चित्रपट मात्र एका गोऱ्या अमेरिकन तरुणाचा. पेनसिल्व्हेनियात राहणारे जॉश फॉक्स ह्यांना घराखालचा वायू काढू देण्याबद्दल मोठ्या रकमेचा देकार आला. पैसे घेण्यापूर्वी दुसऱ्यांचे काय झाले ते पाहावे म्हणून ते कॅमेरा घेऊन निघाले, आणि त्यातून 'गॅसलँड' हा २०१० चा अनुबोधपट तयार झाला. नळाच्या पाण्याला काडी लावताच ते भडकते, हे त्यातील दृश्य सर्वत्र गाजले. चित्रपट गावोगाव शाळा-सभागृहांतून दाखविला गेला. त्याचा परिणाम केवळ हळहळीपुरता राहिला का? २०१५ साली 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू' ह्या नियतकालिकात समाजशास्त्रज्ञांनी ह्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मार्सेलस खडकाच्या पट्ट्यातील राज्यांत जेथे जेथे हा चित्रपट स्थानिक लोकांना जमवून दाखविला गेला, तेथे तेथे चळवळ वाढली आणि त्या चळवळीमुळे गावपातळीवर बंदीचे ठराव होण्याची शक्यताही वाढली, असे त्यांना आढळले. १७ डिसेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्याने फ्रॅकिंगवर बंदी जाहीर केली आणि २०२० साली ती कायद्यात घातली. ह्या बंदीसाठी राज्यातील मूळ रहिवासी राष्ट्रांनीही आवाज उठविला होता.

परंतु 'गॅसलँड'च्या यशातच एक इशारा दडलेला आहे. पेटत्या नळाचे दृश्य कोलोरॅडो राज्यातील होते. त्या राज्याच्या वायू-नियंत्रण मंडळाने अशा तीन घरांच्या विहिरी तपासल्या होत्या. पैकी दोन विहिरींतील वायू उथळ थरांत निसर्गतः कुजण्यातून झालेला आहे, त्याचा वायूच्या धंद्याशी संबंध नाही, असा मंडळाचा निष्कर्ष होता. तिसऱ्या विहिरीत मात्र खोल थरातील वायू मिसळलेला आढळला. कंपन्यांना तेवढे पुरले. एका दृश्याचे बोट धरून त्यांनी सगळ्या साक्षीलाच खोटे ठरविण्याचा प्रयत्न केला आणि २०१२ साली 'ट्रुथलँड' नावाचा प्रतिचित्रपटही काढला. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दीर्घ अभ्यासाअंती मान्य केले की, काही परिस्थितींत फ्रॅकिंगच्या उद्योगामुळे पिण्याच्या पाण्याची हानी होऊ शकते. म्हणजे मूळ तक्रारीत तथ्य होते. परंतु एका अर्धवट पुराव्याने तिला काही काळ दुबळे केले. दुबळ्यांच्या बाजूने बोलणाऱ्याने हे कायम स्मरणात ठेवावे. बलवानाची दहा असत्ये खपून जातात. दुबळ्याचे एक अर्धसत्य मात्र त्याच्या नव्याण्णव सत्यांसह बुडते.

हा धडा गिरविलेला दिसतो तो 'फ्रॅक्चर्ड लँड' ह्या २०१५ च्या कॅनडियन अनुबोधपटात. डेमियन गिलिस व फिओना रेअर हे त्याचे दिग्दर्शक. त्याचा नायक केलेब बेन हा ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य भागातील डेने समाजाचा तरुण. तो अरण्यात शिकार करतो आणि विद्यापीठात कायदा शिकतो. त्याची आई तेल-वायूच्या उद्योगाशी निगडित काम करणारी, तर वडील त्या उद्योगाचे कडवे विरोधक. गावातील पुष्कळ तरुणांना ह्याच उद्योगातली नोकरी हवी आहे. चित्रपट हे काहीही लपवीत नाही. समाज एकजीव असल्याचा देखावा तो करीत नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. केलेब समुद्रापलीकडे न्यूझीलंडमध्ये जाऊन माओरी लोकांस भेटतो. एका करारनाम्याने फसलेले लोक दुसऱ्या करारनाम्याने फसलेल्यांशी बोलतात. राजदूतांच्या भेटीगाठींहून ही भेट आम्हास अधिक मोलाची वाटते.

आणि केलेबने कायद्याचा अभ्यास का करावा, ह्याचे उत्तर त्याच्याच प्रदेशाने दिले. १८९९ सालच्या आठव्या करारनाम्याने सरकारने तेथील जमातींस पूर्वीप्रमाणे शिकार व मासेमारी करता येईल असे वचन दिलेले आहे. असे असता २०१२ साली नेक्सेन नावाच्या कंपनीला फोर्ट नेल्सन जमातीच्या प्रदेशातील नॉर्थ त्सी सरोवरातून फ्रॅकिंगसाठी वर्षाला २५० कोटी लिटरपर्यंत पाणी उपसण्याचा परवाना दिला गेला. पुढल्याच वर्षी ही कंपनी चीन सरकारच्या तेल कंपनीने विकत घेतली. जमातीने अपील केले. ३ सप्टेंबर २०१५ रोजी पर्यावरण अपील मंडळाने तो परवाना रद्द केला: त्यामागील शास्त्र सदोष होते आणि सरकारने जमातीशी विचारविनिमय सद्भावनेने केलेला नव्हता. त्यापुढील पायरी २९ जून २०२१ ची. ब्लूबेरी नदी जमातीच्या दाव्यात ब्रिटिश कोलंबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एकामागून एक दिलेल्या असंख्य परवानग्यांचा एकत्रित परिणाम म्हणून जमातीला करारनाम्यातील हक्क बजावणेच अशक्य झाले आहे आणि हा करारभंग होय. प्रत्येक परवाना सुटासुटा पाहिला तर लहान वाटतो. सर्व मिळून ते एका समाजाचे जगणे गिळतात. न्यायालयापुढे हे सिद्ध करावयास नकाशे, आकडे व साक्षी लागल्या. चित्रपट मनुष्याला जागे करतो. परंतु जाग्या माणसाने कागद वाचावयास शिकलेच पाहिजे.

जेथे लोकांच्या हाती असा कायद्याचा आधार नसतो, तेथे काय होते हे अर्जेंटिनात दिसते. नेउकेन प्रांतातील वाका मुएर्ता ह्या खडकपट्ट्यात मापुचे लोक राहतात. अँडीजच्या पलीकडे चिलीतही तेच लोक आहेत. २८ ऑगस्ट २०१३ रोजी वायपीएफ व शेव्हरॉन ह्या कंपन्यांचा करार प्रांताच्या कायदेमंडळाने मंजूर केला. बाहेर निदर्शकांवर पोलीस रबरी गोळ्या व अश्रुधूर सोडीत होते. ज्येष्ठ दिग्दर्शक फर्नांडो सोलानास ह्यांनी त्याच वर्षी ह्या फ्रॅकिंगवर चित्रपट काढला. चित्रपट चांगला होता, साक्ष खरी होती, तरीही उत्खनन थांबले नाही. आज अर्जेंटिनाच्या खनिज तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग तेथूनच येतो. पडद्यावर जिंकलेला लढा पडद्याबाहेर हरता येतो, हे कटु सत्य लपविण्यात अर्थ नाही.

परंतु ह्याच सोलानास ह्यांच्या पूर्वायुष्यातील एक गोष्ट आम्हास मार्गदर्शक वाटते. १९६८ साली, लष्करी राजवटीत, त्यांनी व ऑक्टाव्हिओ गेटिनो ह्यांनी एक दीर्घ चित्रपट केला. तो चोरून, कामगारांच्या व कार्यकर्त्यांच्या बैठकांत दाखविला जाई. मध्येच चित्रपट थांबवावा, दिवे लावावेत आणि जमलेल्यांनी बोलावे, अशी त्याची रचनाच होती. प्रेक्षक खुर्चीतून उठून सभासद झाला पाहिजे, हा त्यामागील विचार. चित्रपट संपल्यावर लोक डोळे पुसून घरी गेले तर ती करमणूकच झाली. ते तेथेच बसून उद्या काय करावयाचे ते ठरवू लागले तर ती सभा झाली.

आता एक प्रश्न उरतो, आणि तो नाजूक आहे. कंपनीशी करार करणारे सदा परकेच असतात असे नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कायनाई जमातीच्या परिषदेनेच २०१० साली आपल्या राखीव भूमीपैकी जवळजवळ अर्धी भूमी दोन कंपन्यांस भाड्याने दिली. ह्या जमातीचे बांधव सीमेपलीकडे अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आहेत. एल्-मायया टेलफेदर्स ह्या तरुण दिग्दर्शिकेने, जिची आई कायनाई व वडील नॉर्वेतील सामी जमातीचे, त्यावर 'ब्लडलँड' हा लघुपट काढला आणि २०११ साली रस्ता अडविताना तिला अटकही झाली. स्वकीयांविरुद्ध बोलणे हे परक्यांविरुद्ध बोलण्याहून कठीण असते. संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मूळ रहिवाशांच्या हक्कांची घोषणा संमत केली. त्यांच्या भूमीवर प्रकल्प आणण्यापूर्वी त्यांची स्वतंत्र, पूर्व व माहितीपूर्ण संमती मिळविण्यासाठी सरकारांनी त्यांच्याशी सद्भावनेने विचारविनिमय करावा, असे ती सांगते. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या चारच देशांनी त्या दिवशी विरोधी मत दिले. पुढे चौघांनाही आपली भूमिका बदलावी लागली. संमतीचा अर्थ पुढाऱ्याची सही एवढाच घेतला तर ही घोषणा पोकळ ठरेल. माहिती घराघरात पोहोचली, बायामाणसांना व मुलांना ती समजली आणि मग लोकांनी होय किंवा नाही म्हटले, तर ती संमती. अशी माहिती निरक्षर आजीपर्यंतही नेऊ शकते ते साधन चित्रपट हे होय.

म्हणून, बंधुभगिनींनो, असा एखादा चित्रपट तुमच्या वस्तीत, विहारात वा शाळेत दाखविला जाईल तेव्हा तो डोळे उघडे ठेवून पाहा. ज्यांची कहाणी आहे त्यांना तीत बोलू दिले आहे की त्यांच्या वतीने दुसराच कोणी बोलतो आहे, ते तपासा. जे सांगितले त्याला पुरावा काय, ते विचारा. सहानुभूतीपोटी पुरावा मागण्यास संकोचू नका, कारण उद्या विरोधक तो मागणारच आहे. आणि दिवे लागल्यावर उठून जाऊ नका. घरातील मुलांना काय समजले ते बोलू द्या, वडीलधाऱ्यांना त्यांचा अनुभव सांगू द्या, आणि ह्यातून आपण काय करणार ह्याचा एक तरी ठराव लिहून काढा.

न्यू ब्रन्सविकमधील स्थगिती कायमची समजून कोणी निजला असता तर तो फसला असता. २०१९ साली तेथील पुढच्या सरकारने ससेक्स परिसरापुरती ती शिथिल केली. मिळविलेला हक्क राखावा लागतो, आणि राखण करणाऱ्याला आठवण लागते. रेक्स्टनच्या रस्त्यावरची शेकोटी केव्हाच विझली आहे. ती कोणी पेटविली होती, कशासाठी पेटविली होती आणि तिच्याभोवती कोण कोण बसले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती पुन्हा पेटविता येईल. ही आठवण एका देशातून दुसऱ्या देशात, एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे न्यावी, एवढेच चित्रपटाकडून मागावे. बाकीचे काम माणसांचे आहे.